सुटकेसमधला ओटीपी

मागच्या वेळी म्युनिकच्या स्टेशनवर ॲपवरून तिकीट काढत होते. कार्डाचा नंबर भरला, बँकेने ओटीपी पाठवला, आणि तो गेला माझ्या सुटकेसमध्ये. म्हणजे घरचं सिम तिथे होतं, कानातल्यांच्या डबीत, कापसात गुंडाळलेलं. फोनमध्ये होतं आदल्या दिवशी घेतलेलं जर्मन सिम, त्यात डेटा भरपूर. फलाटावरच सुटकेस उघडली, ट्रे उघडायची पिन सापडेना म्हणून कानातल्याच्या दांडीने तो उघडला आणि सिम बदललं. तोवर गाडी निघून गेली होती.

त्यामुळे यंदा ताई आणि मी जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया असा सतरा दिवसांचा बेत केला, तेव्हा जीबी आणि किंमत यांच्या तक्त्यांकडे मी आधी पाहिलंच नाही. कागदावर तीनच प्रश्न लिहिले. ओटीपी कुठल्या नंबरवर येणार? तिथे साधे फोन करावे लागतील का, की नेटवर भागेल? आणि विमानातून उतरल्यावर पहिल्या तासात काय लागेल?

घरच्या कंपनीचा रोमिंग पॅक सगळ्यात बिनत्रासाचा. नंबर तोच, सिम तेच, काही बदलायला नको. पण डेटा इतका बेताचा, की नकाशा उघडतानाही मन खाल्लं असतं. स्थानिक सिममध्ये त्याच पैशांत कितीतरी जास्त डेटा मिळतो, शिवाय तिथला नंबरही. मात्र जर्मनीत जुलै २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही. मागच्या वेळी दुकानदाराने पासपोर्ट तपासला, पत्ता विचारला, मी हॉटेलचा दिला, आणि तरी सिम चालू व्हायला पाऊण तास गेला. तिसरा मार्ग प्रवासी ई-सिमचा, म्हणजे कार्ड न बसवता फोनमध्येच उतरवून घ्यायच्या सिमचा. घरबसल्या विकत घ्यायचं, क्यूआर कोड स्कॅन करायचा, की झालं. पण अशा बहुतेक ई-सिमवर फक्त डेटा असतो. नंबरच नाही, त्यामुळे साधा कॉल नाही आणि एसएमएसही नाही.

तरी मला हेच हवं होतं. घरचं सिम आपल्या जागी राहील, ओटीपी त्यावर येतील, डेटा दुसऱ्यावर चालेल. परदेशात एसएमएस घ्यायला पैसे पडतात का, हे कंपनीला फोन करून विचारलं. माझ्या नंबरवर पडत नव्हते. पण रोमिंगची सेवा आधी चालू करून घ्यावी लागली. ते न करता गेले असते तर घरच्या सिमला तिथे नेटवर्कच मिळालं नसतं.

भाचा म्हणाला, "मावशी, आधी *#०६# दाबून बघ. ईआयडी दिसतोय का?" माझ्या फोनवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आणि त्याच्या जोडीला तो बत्तीस आकडी नंबर आला, म्हणजे ई-सिम चालणार. ताईच्या फोनवर काही आला नाही. मग त्याने तिचा ट्रे उघडून पाहिला. सिमचे दोन कप्पे होते आणि दुसऱ्यात मेमरी कार्ड बसवलेलं होतं. चार वर्षं वापरतेय, पण तिथे दुसरं सिम बसतं हे ताईच्या गावीही नव्हतं. कार्ड काढून तिने माझ्या त्याच डबीत ठेवलं. तिला म्युनिकमध्ये स्थानिक सिम घ्यायचं ठरलं.

ई-सिम निवडताना खरा वेळ गेला बारीक अक्षरांत. ‘अमर्यादित’ लिहिलेल्या एका प्लॅनमध्ये रोजचा ठरावीक डेटा संपला की वेग इतका उतरत होता की फोटोसुद्धा धड गेला नसता. दुसऱ्यात हॉटस्पॉटला मनाई होती. मुदत कधी सुरू होते यातही फरक आहे. काहींची ई-सिम फोनमध्ये घातल्या क्षणापासून, काहींची तिकडचं नेटवर्क पहिल्यांदा पकडल्यावर. मी दुसऱ्या प्रकारचं घेतलं आणि घरच्या वायफायवरच फोनमध्ये घातलं, कारण ते उतरवून घ्यायलाही इंटरनेट लागतं. "आणि काही झालं तरी डिलीट करू नकोस," भाच्याने बजावलं. तो क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो.

देशांची यादीही वाचली, हे बरं झालं. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालतं, आणि हा नियम २०३२ पर्यंत वाढवला आहे. स्वित्झर्लंड मात्र त्या युनियनमध्ये नाही. नकाशात चहूबाजूंनी वेढलेला देश, पण या नियमातून बाहेर. ‘युरोप’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या काही प्लॅनमध्ये तो असतो, काहींत नसतो. माझ्यात नाव स्पष्ट छापलेलं होतं.

इतकं सगळं करून म्युनिकला उतरले, तर वर सिग्नलच्या काड्या पूर्ण आणि नेट शून्य. फोन बंद करून चालू केला, विमान मोड लावून काढला, काही नाही. ताई म्हणाली, "अगं, तुझ्या त्या भाच्याला विचार." नेटच नाही तर विचारू कशावर? शेवटी विमानतळाच्या वायफायवरून विचारलं. चूक माझ्याच भीतीची होती. बिलाच्या धसक्याने मी सगळ्या सिमचं डेटा रोमिंग बंद केलं होतं. पण प्रवासी ई-सिम स्वतःच तिथे पाहुणं असतं. देणारी कंपनी तिसऱ्याच देशातली, नेटवर्क जर्मनीतलं, त्यामुळे त्याला रोमिंग चालूच लागतं. घरच्या सिमचं बंद, ई-सिमचं चालू, असं दोन्हींचं वेगवेगळं ठेवायचं. जोडीला आणखी एक बटण असतं, एका सिमचं नेट गेलं तर फोन आपण होऊन दुसऱ्या सिमवरून डेटा घेतो ते. तेही बंद केलं, म्हणजे घरच्या सिमचं रोमिंग चुकून चालू राहिलं तरी बोगद्यात शिरल्या शिरल्या ते कामाला लागायला नको. व्हॉट्सॲपचा नंबर जुनाच राहिला. जाहिराती मात्र दोन दिवस भलत्याच भाषेत दिसत होत्या, कारण माझं नेट त्या तिसऱ्या देशातून फिरून येत होतं.

ताईच्या सिमला या वेळी वीसच मिनिटं लागली. कोन्स्टान्त्सला गेलो तोवर ते झकास चाललं. हे गाव जर्मनीतलं, पण पलीकडच्या गल्लीत स्वित्झर्लंड सुरू होतं, आणि फोनला सरहद्द दिसत नाही, टॉवर दिसतो. आम्ही अजून जर्मनीत तळ्याकाठी बसलेलो असताना तिच्या फोनवर स्वित्झर्लंडमध्ये स्वागत असल्याचा संदेश आला आणि शिल्लक उतरायला लागली. नेटवर्कची आपोआप निवड बंद करून जर्मन कंपनी हाताने निवडली तेव्हा ते थांबलं. पुढे चार दिवस स्वित्झर्लंडमध्ये तिने डेटा बंद ठेवून माझा हॉटस्पॉट वापरला. माझ्या फोनची बॅटरी दुपारीच संपायची, हे मात्र आधी सुचलं नव्हतं.

ऑस्ट्रियात पारडं उलटं फिरलं. साल्झबुर्गच्या घरमालकिणीने किल्लीसाठी साधा फोन करायला सांगितलं, नेटवर ती नव्हतीच. माझ्या ई-सिमला कॉल करता येत नाही आणि घरच्या सिमवरून करायचा तर मिनिटाला भलताच दर. ताईने तिच्या जर्मन सिमवरून लावला आणि तो तिच्या पॅकमधूनच गेला. त्यानंतर दोन दिवस ‘माझं सिम’ या विषयावर मला बरंच ऐकावं लागलं.

परतल्यावर ई-सिम बंद केलं, घरच्या सिमचा डेटा पुन्हा चालू केला. जर्मन सिम ताईच्या फोनमध्ये अजून आहे, काढायला जमलेलं नाही. तिला तिथे मेमरी कार्ड परत बसवायचंय, आणि ती डबी मी नेमकी कुठे ठेवली ते मला आठवत नाही.