जेवताना शेजारी कोण होतं?

आमच्या घरात बोटीवरची ही दुसरी पिढी. हे इंजिन रूममध्ये ऑइलर होते, आता घरी आहेत. मुलगा डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून गेल्या वर्षी लागला. रत्नागिरीकडे यात नवल काही नाही, आमच्या वाडीत दर दोन-तीन घरांआड कुणीतरी समुद्रावर असतंच.

मुलाचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. 2022 नंतर बोटींवर नवं सॅटेलाइट इंटरनेट बसायला लागलं आणि भर समुद्रातूनही चेहरा स्वच्छ दिसायला लागला. आता तर नियमच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सागरी कामगार करारातली दुरुस्ती 23 डिसेंबर 2024 पासून लागू झाली. शक्य असेल तिथवर खलाशांना इंटरनेट द्यायचं, पैसे घेतलेच तर वाजवी घ्यायचे. हा नियम व्हायलाच हवा होता, आणि कुणी तो मागे घ्यायचं म्हटलं तर मी रस्त्यावर उतरेन.

कारण नव्वदच्या दशकात मी काय काढलंय ते मला माहीत आहे. पत्र कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात पाठवायचं, तिथून ते पुढच्या बंदरातल्या एजंटाकडे जायचं. तोवर बोट सुटलेली असली की पत्र तिच्या मागे मागे फिरायचं. सॅटेलाइट फोन होता, पण मिनिटाला डॉलर मोजून कोण बोलणार? मामंजी गेले तेव्हा हे पॅसिफिकमध्ये होते. रेडिओवरून निरोप दुसऱ्या दिवशी पोचला. पण सासूबाईंशी दोन शब्द बोलायला पुढचं बंदर यावं लागलं, आणि तोवर इकडे तेरावं उरकलं होतं.

त्या दिवसांतलं यांचं पत्र मी जपून ठेवलंय. वडिलांबद्दल त्यात दोनच ओळी आहेत. बाकी सगळं बोटीवरच्या माणसांबद्दल. निरोप आला त्या रात्री गोव्याचा कुक झोपायला गेलाच नाही, यांच्या केबिनमध्ये खाली जमिनीवर बसून राहिला. थर्ड इंजिनिअरने काही न बोलता यांची वॉच, म्हणजे कामाची पाळी, स्वतः केली. फिलिपिनो फिटरला भाषा येत नव्हती, तो येऊन नुसता हात धरून गेला. यातलं एकही माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. पण त्या कुकची मुलगी दहावीला कधी बसली, फिटरच्या गावी वादळात कुणाचं छप्पर उडालं, हे मला पत्रांतून कळत गेलं. माझा नवरा त्यांच्या हवाली होता. ती माणसं मला ठाऊक होती, म्हणून मी इथे झोपू शकत होते.

मुलाच्या बोटीवर बावीस माणसं आहेत. रोज बोलूनही मला त्यातलं एक नाव माहीत नव्हतं. त्याने काय खाल्लं, केस कधी कापले, मानेवर पुरळ आलंय का, सगळं मला दिसतं. गणपतीत आरतीच्या वेळी फोन पाटाशेजारी टेकवून ठेवला होता. त्याच्या टाळ्या आमच्यामागून अर्ध्या ठेक्याने येत होत्या, तरी तो आरतीत होता. एवढं सगळं मिळालं. पण त्याच्या मागे दरवेळी तीच केबिनची भिंत.

एकदा विचारलं, "मेसमध्ये जेवायला कोण कोण असतं रे?"

"अगं आई, ताट घेऊन केबिनमध्ये येतो. सगळेच तसं करतात. नेट केबिनमध्ये चांगलं येतं."

हे शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "आमच्या वेळी मेस रिकामी असली की समजायचं, बोटीवर भांडण झालंय."

खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे असा नियम आहे. आंघोळ, जेवण, झोप, घरचा फोन, सगळं त्या दहा तासांतच. आम्ही रोज मागायचो तो तास त्याच्या झोपेतून जायचा, नाहीतर शेजारच्या माणसांतून जायचा. आणि बोटीवर आग लागली, पाय घसरला, नुसतं मन खचलं, तरी पहिल्यांदा धावून येणार तो पलीकडच्या केबिनमधलाच. मी कितीही स्वच्छ दिसले तरी मला तिथे हात पोचवता येत नाही.

म्हणून आता मी दर फोनला विचारते, आज जेवताना शेजारी कोण होतं? आधी तो वैतागायचा. मग एकेक नाव यायला लागलं. विशाखापट्टणमचा एबी, म्हणजे डेकवरचा कुशल खलाशी, त्याला दोरांच्या गाठी शिकवतो. सेकंड मेटला नुकती मुलगी झाली, तिचा फोटो त्याने सगळ्यांना दाखवला. फोन आम्ही एक दिवसाआड केला. पहिले काही दिवस मलाच जड गेलं.

मागच्या शनिवारी बोट अँकरवर होती. फोनच्या वेळेला त्याचा मेसेज आला, "मेसमध्ये कॅरम चाललाय, उद्या बोलू का?" मी लिहिलं, "खेळ." रविवारी त्याने फोन लावला तेव्हा ह्यांनीच माझ्या हातातून तो घेतला आणि आधी विचारलं, "राणी कुणी घेतली?"