डार्क सोल्स: पहिल्या घंटेपर्यंत

सोमवार

आज ठरवून टाकलं. सुरुवात ‘डार्क सोल्स’ या व्हिडिओ गेमच्या पहिल्या भागापासूनच करायची. भाच्याचं मत वेगळं आहे. तो औशाहून इथं संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आला, तेव्हापासून आमच्याकडंच राहतो, आणि त्याचा जीव त्याच कंपनीच्या ‘एल्डन रिंग’वर. "मामा, त्याच्यात घोडा आहे. एखादा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, जमंना तर दुसरीकडं निघून जाता येतं. नव्या माणसाला तेच बरं." बहुतेक जण नवख्याला हेच सांगतात. त्याचं म्हणणं खोटं नाही.

पण मला निघून जाता येणारा गेम नको होता. मला नीट शिकायचं होतं. टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीनं २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ वर ‘डिमन्स सोल्स’ आणला, २०११ मध्ये ‘डार्क सोल्स’. त्यानंतर ‘ब्लडबोर्न’, ‘सेकिरो’ आणि २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’. ‘डार्क सोल्स’च्या तीन भागांतलं जग एकच असलं, तरी प्रत्येकाची गोष्ट आपापली, त्यामुळे कुठूनही सुरू केलं तरी अडत नाही. मग जिथं या सगळ्याचं व्याकरण पक्कं झालं तिथूनच का नको? शिवाय २०१८ ची रीमास्टर्ड आवृत्ती आमच्या जुन्या पीसीवर चालते. कंट्रोलर भाच्याचा. कीबोर्ड-माऊसवर हा गेम खेळू नये, हे मत मात्र आम्हा दोघांचं एकच.

मंगळवार, रात्री

पहिल्याच कोठडीत मन लागलं. आपण शापित, मरूनही न मरणारे, एका कैदखान्यात डांबलेले. हातात मोडक्या तलवारीची नुसती मूठ. थोडं चाललं की मोठ्या दालनात वरून एक धिप्पाड राक्षस कोसळतो. हातातल्या मुठीनं त्याच्याशी लढणं जवळपास अशक्य. पण जमिनीवर निर्मात्यांनीच लिहून ठेवलंय की इथून पळ, आणि डाव्या बाजूला एक दार उघडं आहे. पळालो. पुढं शस्त्र मिळालं, ढाल मिळाली, मरणाच्या दारात असलेल्या एका सरदाराकडून एस्टस फ्लास्क मिळाला. जखम भरून काढायचा उपाय हाच. मग वाट गोल फिरून त्याच राक्षसाच्या डोक्यावर निघाली. वरच्या सज्जातून खाली उडी, तलवारीचं टोक खाली. एका घावात त्याच्या आयुष्याच्या पट्टीचा मोठा हिस्सा गेला.

या अर्ध्या तासात गेमनं सगळा धडा दिला. समोर दिसलेल्याशी लगेच भिडायचंच असं नाही, आधी दार शोध, उंची शोध, मग ये. हे सांगायला कुणी गुरुजी मधे येत नाही. एवढी सुंदर शिकवणी मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेली नाही.

गुरुवार

कावळ्यानं उचलून लॉर्ड्रन नावाच्या मुलखात आणून सोडलं, फायरलिंक श्राइनपाशी. इथल्या दोन घंटा वाजवणं हे पहिलं काम. इथून वाटा तीन. स्मशानातून खाली कॅटाकोम्ब्जकडं, लिफ्टनं खाली बुडालेल्या न्यू लंडोकडं, आणि पायऱ्यांनी वर अनडेड बर्गकडं. कुठली आपली, याचा बाण नाही, नकाशा नाही. कॅटाकोम्ब्जमधले सांगाडे तोडले तरी पुन्हा उभे राहायला लागले. त्यांना उठवणारा मांत्रिक आत लपलेला असतो. न्यू लंडोतल्या भुतांना तर साधी तलवार लागतच नाही. म्हणजे गेम नाही म्हणत नाही, पण कुठं किती जड जातंय यावरून वाट कळते. वर गेलो. तिथले सैनिक आपल्या ताकदीचे निघाले.

भाचा शेजारी बसून होता. "मामा, ढाल सारखी वर धरूनच का चालायलाव? खाली करा की." त्यामागचं कारण त्यानं छान समजावलं. मारणं, पळणं, लोळणं, घाव अडवणं, सगळं दमाच्या एका हिरव्या पट्टीतून खर्च होतं. ढाल वर असली की ती पट्टी हळू भरते. घाव यायच्या वेळी ढाल, एरवी खाली. आणि पट्टी कधीच पूर्ण रिकामी करायची नाही, शेवटच्या लोळणीपुरती राखायची.

दुसरी गोष्ट वजनाची. अंगावरचा भार पेलायच्या क्षमतेच्या पाव हिश्शाच्या आत ठेवला तर लोळण चपळ होते, निम्म्याच्या वर गेला की धप्पकन पडल्यासारखी. लोळतानाच्या त्या निमिषभरात घाव आरपार जातो, लागत नाही. म्हणून मागं लोळण्यापेक्षा शत्रूच्या अंगाकडं लोळणं बरं. हे हाताला पटायला वेळ लागतो, मनाला तर त्याहून जास्त. चिलखत उतरवून हलकं होणं हेच संरक्षण, असा विचार मी आधी कधी केला नव्हता.

शुक्रवार

दुपारपासून पाऊस. रात्री ऐन अनडेड बर्गच्या गल्लीत असताना लाईट गेली. या गेमला पॉज नाही. मेन्यू उघडला तरी जग चालूच राहतं. पण तो स्वतःचं स्वतः सतत सेव्ह करत असतो, त्यामुळे लाईट आल्यावर होतो तिथंच उभा होतो, सोल्ससकट. आपल्याकडं राहून खेळणाऱ्यानं ही सोय माहीत करून घ्यावी.

सोल्स म्हणजे मारलेल्यांकडून मिळणारी कमाई. लेव्हल वाढवायला तीच, खरेदीला तीच. मेलो की सगळी तिथंच पडते. परत जाऊन उचलता येते, पण वाटेत पुन्हा मेलो तर कायमची गेली. बोनफायरपाशी, म्हणजे वाटेतल्या विसाव्याच्या शेकोटीपाशी, बसलो की फ्लास्क भरतात आणि मारलेले शत्रूही परत उभे राहतात. त्यामुळे बसायचं की अजून थोडं पुढं जायचं, हा प्रश्न दर वळणावर पडतो, आणि मला गेममधला सगळ्यात जिवंत प्रश्न तोच वाटतो. सुरुवातीच्या लेव्हल मी व्हायटॅलिटी आणि एन्ड्युरन्समध्ये घालतोय. एकानं आयुष्य वाढतं, दुसऱ्यानं ती हिरवी पट्टी आणि भार पेलायची ताकद. नवख्यानं निदान पहिल्या घंटेपर्यंत तरी हेच करावं, असं माझं ठाम मत झालंय.

रविवार

भाच्याला घेऊन देवगिरीला गेलो. त्यानं किल्ला पाहिलेलाच नव्हता. मी लहानपणापासून कितीदा तरी चढलोय, पण आज पाय वेगळ्या तऱ्हेनं पडत होते. वेशीतून आत शिरलं की दरवाजे एका रेषेत नाहीत. प्रत्येक वळणावर हत्तीचा वेग मोडतो, दारांना खिळे, आणि वरून मारा करायला तटावर जागा. चांदमिनार मागं टाकून वर गेलं की खंदक. त्याच्यापलीकडं डोंगराची कडा उभी तासलेली, हात घालायला खाच नाही. पुलावरून एकच वाट आत जाते, आणि ती जाते अंधारीत. वळणं घेत चढणारा कातळातला बोगदा, वटवाघळांचा वास, पायाखालची पायरी चाचपत जायचं. वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून आत धूर कोंडायची सोय होती, असं गाईड सांगतात.

अंधारीत भाचा हळूच म्हणाला, "हे तर सेन्स फोर्ट्रेस हाय मामा." म्हणजे गेममधला सापळ्यांनी भरलेला किल्ला. मी अजून तिथवर पोचलेलो नाही, पण त्याला काय म्हणायचं होतं ते कळलं. यादवांच्या काळापासून ज्यांनी ज्यांनी हा किल्ला बांधला, वाढवला, त्यांनी येणाऱ्या माणसाचं मन आधी वाचलं. तो कुठं घाई करील, कुठं उजेडाकडं धावेल, कुठं वर बघायचं विसरेल. ‘डार्क सोल्स’ची वाट त्याच बुद्धीनं आखलेली आहे. दारामागं उभा असलेला भालेवाला, जिन्याच्या वरच्या टोकाला थांबलेला बाँब टाकणारा, हे कुणीतरी आपला पुढचा विचार ओळखून ठेवलेले आहेत. त्या कुणाशी तरी आपण खेळत असतो. त्याला गेम क्रूर आहे म्हणणं मला पटत नाही. क्रूर माणूस पळायला दार ठेवत नाही.

मंगळवार

टॉरस डेमन हा बॉस पडला. तटाच्या अरुंद वाटेवर तो अंगावर येतो. पण आत शिरल्या शिरल्या मागच्या बाजूला शिडी आहे. आधी वरचे दोन तीरंदाज संपवले, मग पुढं जाऊन त्याला बोलावलं, परत शिडी चढलो आणि वरून उडी. कैदखान्यातला पहिलाच धडा, आता कुणी न सांगता. पुढं पुलावर लाल ड्रॅगन आग ओततो. पुलाखालून गेलं की एक शिडी पाय मारून खाली सोडता येते, आणि ती थेट जुन्या बोनफायरपाशी उतरते. आणखी पुढं चर्चजवळची लिफ्ट उतरली ती चक्क फायरलिंकमध्ये. इतके दिवस ज्या जागा एकमेकींपासून लांब वाटत होत्या त्या एकमेकींच्या डोक्यावर होत्या. मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, एवढा आनंद झाला.

शनिवार

ताई महालक्ष्म्यांसाठी आलीय, घर भरलंय. सगळे झोपल्यावर आवाज बंद करून बसलो.

चर्चच्या छपरावर दगडी गार्गॉइल जिवंत होतो, आणि त्याचं आयुष्य निम्मं होईतोवर दुसरा येतो. एकट्यानं दोघांना तोंड देणं मला जड गेलं. दाराबाहेर सोलेर नावाच्या, गेममधल्याच एका योद्ध्याची सोनेरी खूण होती. त्याला मदतीला बोलावता येतं, फक्त आपण माणसाच्या रूपात असावं लागतं. भाच्याच्या मते असं बोलावणं म्हणजे खरं जिंकणं नव्हे. मला ते मान्य नाही. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकीनं ही कल्पना कुठून आली ते एका मुलाखतीत सांगितलंय. बर्फाळ चढावर गाड्या अडकल्या होत्या, मागच्या गाडीनं पुढचीला ढकललं, मग तिच्या मागच्यानं तिला. अनोळखी माणसं, पुन्हा भेट नाही. मदत मागायची सोय त्यानं मुद्दाम ठेवलीय, तर ती घेण्यात कमीपणा कसला? ऑरॅकलमधून येऊन २००४ मध्ये कंपनीत लागलेला हा माणूस लहानपणी इंग्रजी पुस्तकं वाचायचा, न समजलेल्या जागा स्वतःच्या कल्पनेनं भरायचा. अंगठ्या-तलवारींच्या वर्णनांत विखुरलेली ही गोष्ट वाचताना मीही तेच करतोय.

सोलेर आणि मी, दोघांनी मिळून दोन्ही गार्गॉइल पाडले. मनोऱ्यावर चढून घंटा वाजवली.

दुसरी घंटा खाली, ब्लाइटटाऊनच्या विषारी दलदलीपलीकडं. त्यासाठी पर्पल मॉस हा विषावरचा उतारा जमवून ठेवायचाय, आंद्रे लोहाराकडून तलवार आणखी घडवून घ्यायचीय. भाच्याला बजावून सांगितलंय, तिथलं एक अक्षर मला आधी सांगायचं नाही. तो कबूल झाला, पण अट घातली: त्याला सोडून खाली उतरायचं नाही, त्याचं सबमिशन आटोपेपर्यंत थांबायचं.