पंचवीसपैकी शून्य

शनिवार, रात्री उशिरा

अतींद्रिय शक्ती असलेल्या मुलांच्या कादंबऱ्यांत शक्तीचा शोध बहुतेकदा एकाच साच्यातून निघतो: राग आला, काच तडकली, दिवे गेले. पुण्यात दिवे गेले तर कुणी चमत्कार मानत नाही. आधी समोरच्या सोसायटीत आहेत का ते बघतात. शिवाय असली दणकेबाज शक्ती लपणार कशी? लपवाछपवीची गोष्ट हवी असेल तर शक्ती बारीक हवी, आणि लेखकाला ती मोजता यायला हवी.

मोजायला झेनर पत्ते आहेत: पत्ता न बघता त्यावरचं चिन्ह ओळखायचं. गोल, अधिक, नागमोडी रेषा, चौकोन, चांदणी. प्रत्येकी ५, एकूण २५. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात अतींद्रिय शक्तीवर संशोधन करणाऱ्या ऱ्हाईन यांनी १९३०च्या दशकात ते वापरले. प्रत्येक पत्ता परत गठ्ठ्यात घालून पिसत गेलं, तर निव्वळ अंदाजाने सरासरी ५ बरोबर येतात. ९ किंवा जास्त येण्याची शक्यता जेमतेम पावणेपाच टक्के, म्हणजे ६० मुलांच्या वर्गात तिघांना नुसत्या नशिबानेच ९ मिळू शकतात. तेव्हा नववीतल्या नायिकेला ९ मिळाले म्हणून सरांनी डोळे विस्फारू नयेत.

खरी गंमत उलट्या टोकाला आहे. नायिका घाबरते आणि पकडलं जाऊ नये म्हणून सगळी उत्तरं मुद्दाम चुकवते. २५पैकी ०! अंदाजाने शून्य यायची शक्यता साधारण २६५त एक. नऊ मिळवणारी सहज खपली असती; शून्य मिळवणारी पकडली जाते, कारण एवढं नेमकं चुकायलाही उत्तर माहीत असावं लागतं. अख्खं मधलं प्रकरण यावर उभं राहू शकतं.

संशयी पात्रालाही हत्यारं द्यावीत. पातळ पत्ते उजेडात मागून दिसतात. समोरच्याच्या चष्म्यात चिन्ह उमटतं. पत्ते परत न पिसता दर वेळी लगेच उत्तर सांगितलं, तर शेवटचा पत्ता कुणीही हुशार पोर मोजून ओळखेल, आणि त्याआधीच्या चार-पाचांतही त्याचा अंदाज सुधारेल. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाशेजारच्या फटीतून खाली बघतात. पुस्तक कपाळाच्या उंचीवर धरलं की वाचन थांबतं. ‘पास’ कशाला म्हणायचं हेही आधी ठरवावं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाच्या चाचणीत तेच केलं होतं: ज्योतिषाला ४० पत्रिका, प्रत्येक मूल हुशार की मतिमंद एवढंच सांगायचं, म्हणून अंदाजाने २०, उत्तीर्ण व्हायला २८. सर्वांत जास्त आले २४.

मग घरात एक उत्साही मामा हवाच. ‘बालगंधर्वला कार्यक्रम लावू, तिकीट ठेवू.’ त्याला अडवायला खलनायक नको. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं त्यात गुन्हा आहे. म्हणजे शक्ती खोटी ठरली तर मामा आत. आणि खरी आहे हे सिद्ध करायचं तर पोरीला सगळ्यांसमोर उभं करावं लागेल. असा पेच परक्या गावातून उसना आणलेल्या गुप्त सरकारी प्रयोगशाळेपेक्षा शंभरपट बरा.

शक्तीला मर्यादाही आकड्यातच हवी. दहा फुटांच्या आतल्यांच्याच मनातलं कळतं, एका वेळी एकाच माणसाचं, आणि नंतर अर्धा तास डोकं ठणकतं, असं एकदा ठरवलं की मोडू नये. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर दहा फुटांत किती डोकी येतात याचा हिशेब केला की तो प्रसंग आपोआप लिहिला जातो. ढोलांनी काही फरक पडत नाही. त्रास गर्दीचा होतो.

आणि दुसऱ्या चाचणीसाठी नायिका शहाणी होते तेव्हा तिला नेमके ५ बरोबर द्यायला लावू नये. एकदा ठीक. सलग तीन फेऱ्यांत ५, ५, ५ आले तर गणिताच्या बाई पुन्हा मान वर करतील. नशिबाने असं शंभरात एकदाही होत नाही. ३, ७, ४ द्यावेत.