दोन किलो तांदूळ, एक भाड्याची लेन्स आणि ताडोबा

ताडोबाच्या जंगलाशेजारच्या मोहर्लीच्या किराणा दुकानात नवऱ्याने दोन किलो तांदूळ मागितला तर दुकानदार म्हणाला, कोणता देऊ, एचएमटी का श्रीराम? हा म्हणाला सगळ्यात स्वस्त असेल तो द्या, खायचा नाहीये. दुकानदाराने आमच्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. एचएमटी तांदळाचं वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे ह्याच चंद्रपूर जिल्ह्यातले, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे, आणि त्यांच्या जिल्ह्यात येऊन आम्ही तांदूळ "खायचा नाहीये" म्हणून घेतोय!

तर तो तांदूळ होता बीनबॅगसाठी. सफारीच्या उघड्या जीपमध्ये, म्हणजे जिप्सीत, ट्रायपॉड लावायला जागा नसते, मग दांडीवर ही पोतडी ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. पुण्याहून रिकामी पिशवी आणायची, इथे येऊन भरायची, म्हणजे ट्रेनमध्ये वजन नको. आयडिया याचीच आणि चांगली होती, फक्त पिशवीची चेन तीन वर्षं जुनी होती हे कुणी बघितलं नव्हतं.

लेन्स होती भाड्याची. १५०-६००, म्हणजे आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसणार, चार दिवसांसाठी, डिपॉझिट भरून. हिच्यावरून आमचं घरापासूनच सुरू होतं. मी म्हटलं माझा जुना कॅमेरा पण घेते, ५५-२५० लावून, तर म्हणाला उगाच ओझं कशाला, एकच चांगला सेट घेऊ आणि आलटून पालटून काढू. आलटून पालटून! लग्नाला नऊ वर्षं झाली, टीव्हीचा रिमोट आलटून पालटून मिळाला नाही कधी. मी गुपचूप माझा कॅमेरा टॉवेलात गुंडाळून बॅगेत टाकला.

नागपूरहून गाडी केली होती, बुटीबोरी, जाम, वरोरा करत भद्रावतीला आणि तिथून मोहर्लीला. मे महिना, दुपारी पंचेचाळीसच्या पुढे, खिडकी उघडली तर हेअर ड्रायर तोंडावर धरल्यासारखं. ह्या उन्हात कोण जातं असं घरचे सगळे विचारत होते, पण वाघ बघायचा तर हाच सीझन, झाडोरा वाळलेला असतो, पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं आणि सगळे तिथेच येतात. पावसाळ्यात तीन महिने कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंदच असतो.

गेटवर आयडी दाखवा, परमिट दाखवा, मोठ्या लेन्सची वेगळी पावती फाडा, मोबाईल जमा करा. मोबाईल आत चालत नाही हे मला जाम आवडलं खरं तर. आता वाचताना हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली सफारी पहाटेची आणि वाघाच्या नावाने शून्य. लेन्स अर्थातच साहेबांकडे. पण जामणीचं कुरण बघितलं. इथे आधी गाव होतं, ते उठवून बाहेर वसवलं आणि आता तिथे मोकळं गवत आहे. आमचा गाईड आसपासच्याच गावचा, एका आंब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथं माझ्या मावशीचं घर होतं जी, सुट्ट्यात येत होतो आम्ही." त्या आंब्याखाली रानगवे उभे होते, सात-आठ, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. मला कळेना काय बोलावं. मावशीला बाहेर करमतं का विचारलं तर म्हणाला, रस्ता आहे, दवाखाना जवळ आहे, पण आंब्याच्या दिवसात अजून इकडचंच बोलते.

नवरा तोवर गव्यांचे दीडशे फोटो काढून मोकळा. रूमवर येऊन लॅपटॉपवर लावले तर निम्मे मऊ मऊ, जणू पाण्याखालून काढलेत. लेन्सला शिव्या घालून झाल्या, भाड्याची वस्तू अशीच असते वगैरे. पण बिचाऱ्या लेन्सचा दोष नव्हता. उन्हाळ्यात नऊ वाजल्यानंतर जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरते आणि लांबचं काहीही काढलं तरी कितीही महागाच्या लेन्सने ते असंच येतं. सकाळी सातपर्यंतचे आणि जवळचे सगळे मस्त शार्प होते. मग ठरवलं, लांबचं फक्त पहिल्या उजेडात, नंतर जवळ येईल ते.

दुसऱ्या सफारीत ताडोबा तलाव. काठावर तारूचं देवस्थान आहे, वाघाशी लढताना गेलेला गावप्रमुख, त्याच्या नावावरूनच ताडोबा, आणि पौषात जत्रा भरते. पाण्यात मगर लाकडासारखी पडलेली, मी लेन्स मागितली, "दोन मिनिटं थांब" म्हणाला, ती दोन मिनिटं अजून चालू आहेत.

आणि त्याच सफारीत चेन तुटली. खड्ड्यात जिप्सी आदळली आणि सगळ्या सीटखाली तांदूळच तांदूळ. गाईडने गाडी थांबवायला लावली. बाहेर दाणा सांडू द्यायचा नाही, जंगलात खायचं काही टाकायचं नाही हा नियमच आहे, मग आम्ही दोघं, ड्रायव्हर आणि मागच्या सीटवरचे अमरावतीचे काका-काकू असे पाच जण वाकून तांदूळ वेचतोय आणि गाईड दुर्बिणीतून वाघ शोधतोय. काकू म्हणाल्या, निवडायचा पण आहे का? पिशवीला माझी ओढणी बांधली.

तिसरी सफारी दुपारची. तेलिया तलावाकडे निघालो आणि आधी वानर खोकलं, मग चितळाचा कॉल, म्हणजे वाघ दिसल्यावर ते ओरडतात तो, मग लगेच दुसरा. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. "घाई नोका करू जी, पाण्यावर येते ते." दहा मिनिटं नुसता घाम. मग बांबूतून वाघीण आली, अगदी दुपारच्या झोपेतून उठून चहा प्यायला यावं तशी, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पाण्याजवळ जाऊन पाठ फिरवली आणि उलटी, मागच्या पायांनी पाण्यात उतरली. आधी शेपटी, मग ढुंगण, मग हळूच बसली. तोंडावर पाणी उडलेलं वाघांना आवडत नाही म्हणून असं करतात म्हणे. मानेपर्यंत बुडून डोळे मिटून घेतले. शेजारी नवऱ्याचं शटर मशीनगनसारखं.

वीस-पंचवीस मिनिटांनी ती उठली, अंग झटकलं आणि सरळ आमच्याच रस्त्यावर आली. हेड ऑन. नवऱ्याने लेन्स आतआत घेत ६०० वरून १५० वर आणली आणि तिथे संपलं. वाघीण येतेच आहे. फ्रेममध्ये आधी अर्धी वाघीण, मग तोंड, मग एक कान, मग नुसते पट्टे, मग तर फोकसच होईना, कारण इतक्या जवळचं ह्या लेन्सला दिसतच नाही. हात आपोआप खिशाकडे गेला मोबाईलसाठी. मोबाईल गेटवर. "अगं काहीतरी कर," असं तो वाघिणीला म्हणाला का मला, देव जाणे.

मी टॉवेल सोडला होता केव्हाच. ५५ वर अख्खी वाघीण, पोटाखालून पाणी ठिबकतंय, धुळीत ओले पंजे उमटतायत, मागे बांबूतून तिरकं ऊन. अकरा फोटो आले, त्यातला चौथा आता हॉलमध्ये लावलाय. ती जिप्सीच्या शेजारून गेली तेव्हा ओल्या कुत्र्यासारखा आणि थोडा भाताच्या पेजेसारखा वास आला, शपथ. (पेजेचा वास आमच्या पिशवीचा असेल असं नवऱ्याचं म्हणणं आहे.)

रात्री जेवताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, तुझा टॉवेल कुठला गं, चांगला आहे.

सासूबाई हॉलमधला फोटो बघून म्हणाल्या, छान काढलास रे. हा दीड सेकंद थांबला, मी मोजला, आणि मग म्हणाला हिने काढलाय.

पुण्यात लेन्स परत द्यायला मीच गेले. दुकानदाराने काच उजेडात धरून बघितली, रिंग फिरवून बघितली, हूड काढलं आणि टेबलावर टप्पकन एक तांदळाचा दाणा पडला. त्याने तो बोटावर उचलला आणि म्हणाला, "लग्नाला नेली होती का मॅडम?"