ईसी बरोबर, तरी लेट्यूस पिवळं

शिरोळ तालुक्यातल्या एका दोन गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमधून एप्रिलमध्ये फोन आला. एनएफटी पद्धतीवर (उतरत्या चॅनलमधून खताच्या पाण्याची पातळ धार मुळांवरून फिरत राहते) दीड हजार लेट्यूस, दोन हजार लिटरची टाकी आणि एकच तक्रार: नवी पानं पिवळी पडताहेत. "ईसी १.८ ठेवलाय ओ साहेब, मीटर रोज बघतोय. खत कमी पडतंय म्हणून मायक्रोन्यूट्रिएंटपण वाढवून बघितलं. काही फरक नाही." ईसी म्हणजे पाण्यातल्या एकूण क्षारांचं, विजेच्या वहनावरून घेतलेलं माप.

अशा वेळी खताच्या पुड्यांआधी झाड बघावं. पिवळेपणा मधल्या कोवळ्या पानांत होता, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका. बाहेरची जुनी पानं ठीक होती. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर आधी जुनं पान पिवळं होतं, कारण झाड ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं. लोह तसं हलवता येत नाही. म्हणून लोहाची कमतरता नेहमी शेंड्याला दिसते.

मग मुळं. चॅनलचं झाकण काढून तीन-चार रोपं उचलली. पाणी ३० अंशांच्या पुढे गेलं होतं. या तापमानाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम राहतो आणि पिथियमची मूळकूज पटकन येते. पण मुळं पांढरी, टणक होती, वास नव्हता, ओढल्यावर साल सुटून येत नव्हती. चॅनलचा उतार आणि पाण्याची धारही ठीक होती. म्हणजे कूज नाही, पाण्याची रसायनं बघायची.

टाकीत हात घातला तर आतल्या भिंतीवर खरखरीत पांढरा थर लागला. नखानं खरवडून झाकणावर घेतला आणि त्यावर लिंबू पिळलं. फेस आला. कार्बोनेट. पीएच मोजला तर ७.६. लेट्यूसला ५.५ ते ६.५ लागतो. त्यांच्याकडचं लोह ईडीटीए चिलेटचं होतं; चिलेट म्हणजे लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग. ते साधारण साडेसहा पीएचपर्यंतच टिकतं, त्यापुढे लोह सुटून गाळात बसतं. सूक्ष्म अन्नद्रव्यं दुप्पट टाकूनही झाडापर्यंत काही पोचत नव्हतं, ते याच कारणानं.

पीएच चढतो कशामुळे, याचं उत्तर बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेतल्यावर मिळालं. ईसी ०.९, बायकार्बोनेट लिटरला ३०५ मिलिग्रॅम (पीएच चढवतं ते हेच), कॅल्शियम ७०, मॅग्नेशियम ३५, सोडियम ६०. उसाला पाटानं देताना या पाण्याचं कुणाला काही वाटणार नाही. पण टाकीत फिरत राहणाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळा असतो. झाडं रोज साधारण १५० लिटर पाणी पितात, तेवढं बोअरचं पाणी भरलं जातं, आणि सोडियम झाड जवळजवळ घेतच नाही. महिन्याला साडेचार हजार लिटर भरलं म्हणजे २७० ग्रॅम सोडियम आलं. दोन हजार लिटरमध्ये ते लिटरला १३५ मिलिग्रॅम, वर पहिलं ६० आहेच. सोबतीला क्लोराइड. मीटरवरच्या १.८ पैकी जवळपास निम्मा ईसी या मिठाचा होता. ईसी मीटर फक्त एकूण क्षार सांगतं, कोणते ते सांगत नाही. आकडा भरलेला दिसला की माणूस खत घालायचं थांबवतो, आणि झाड उपाशी राहतं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त लागलं ते हे, की शेत क्षारपड झालं म्हणून मातीविना शेतीकडे वळलेला माणूस त्याच शेताखालचं पाणी तपासणी न करता टाकीत भरत होता. संच विकणाऱ्यानं खताचा तक्ता दिला होता, पण पाण्याचा अहवाल मागितला नव्हता. तपासणीचा खर्च एका लॉटच्या बियाण्यापेक्षाही कमी असतो.

टाकी पूर्ण रिकामी केली. ते पाणी नारळांना सोडलं, कारण नारळ मीठ सहन करतो. थर घासून काढला. नवं बोअरचं पाणी भरलं आणि खताआधी ॲसिड. हिशेब असा: ३०५ मिलिग्रॅम बायकार्बोनेट म्हणजे लिटरला ५ मिलिइक्विव्हॅलंट (ॲसिडच्या हिशेबाचं एकक, ६१ मिलिग्रॅम बायकार्बोनेटला एक). एक ठेवायचा, चार मारायचे. त्याला ६० टक्क्यांचं नायट्रिक ॲसिड हजार लिटरला ३०० मिली लागतं, म्हणजे टाकीला ६००. हातमोजे, चष्मा घालून, ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. चार हप्त्यांत टाकलं, हवेचा पंप चालू ठेवला म्हणजे तयार होणारा कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि दोन-तीन तासांनी पीएच परत मोजला. ५.८ आला. बरेच जण हेच काम फॉस्फरिक ॲसिडनं करतात. पाणी इतकं जड असेल तर ते चालत नाही, लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या वर स्फुरद होतो.

मग तक्ता बदलला. चांगल्या पाण्याला हजार लिटरला कॅल्शियम नायट्रेट ६५० ग्रॅम, तेरा-शून्य-पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट) ४००, शून्य-बावन्न-चौतीस (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) १८० आणि मॅग्नेशियम सल्फेट ४०० ग्रॅम मी देतो. इथं पाण्यातच कॅल्शियम होतं आणि ॲसिडनं लिटरला ५६ मिलिग्रॅम नत्र दिलं होतं, म्हणून कॅल्शियम नायट्रेट ३५० वर आणलं. मॅग्नेशियम सल्फेट जवळपास काढूनच टाकलं, ५० ग्रॅम ठेवलं. लोह ११ टक्क्यांचं डीटीपीए चिलेट, १८ ग्रॅम. ते साडेसात पीएचपर्यंत तग धरतं. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत, फॉस्फेट आणि सल्फेट वेगळ्या बादलीत विरघळवून भरलेल्या टाकीत सोडलं. दाट द्रावणं एकत्र झाली की पांढरा गाळ बसतो आणि तो परत विरघळत नाही. मीटरवर ईसी १.९ आला.

"आता बाकीची पानं हिरवी होतील का?" शेतकरी दादांनी विचारलं. पिवळी झालेली पानं तशीच राहतात, हे सांगावं लागलं. नवी बघायची. पाचव्या दिवशी फोटो आले, मधली पानं हिरवी निघाली होती. बाहेरची काढून टाकून निम्मा लॉट विकता आला.

रोज भरायच्या पाण्यालाही तेच ॲसिड लागणार आणि दर तीन आठवड्यांनी टाकी सोडावी लागणार. पण सोडियमवर ॲसिडचा उपाय नाही. त्याला दुसरं पाणीच हवं. दोन गुंठ्यांच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की वीस हजार लिटर पाणी होतं. झाडं वर्षाला पितात ते पंचावन्न हजार, टाकी सोडून परत भरायचं पाणी वेगळं. पन्हळी लावून, पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाहेर सोडून, बाकीचं काळ्या ताडपत्रीच्या झाकलेल्या हौदात घ्यायचं. काळं आणि झाकलेलं अशासाठी की उजेड मिळाला की शेवाळ येतं. बोअरशी निम्मं-निम्मं मिसळलं तरी सोडियम ३० वर येतो. पन्हळींचं माप त्याच दिवशी घेतलं. काम मृगाच्या आधी संपवायचं ठरलं.