रीडिंग बरोबर, शेवाळ जोरात

मे महिन्यात टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं पाणी करणाऱ्या कंडेन्सरचा व्हॅक्यूम घसरला की पहिला फोन केमिस्टला येतो. विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात मी तेव्हा नवीनच होते. कूलिंग टॉवरच्या भिंतींवर हिरवं शेवाळ दिसतं, म्हणून सगळे त्यालाच शिव्या देतात. कंडेन्सरच्या अंधाऱ्या नळ्यांत मात्र जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो आणि उष्णता अडून व्हॅक्यूम घसरतो तो त्याच्यामुळे.

‘क्लोरीन वाढवा,’ साहेब म्हणाले. वाढवला. रोज नमुन्यात क्लोरीन मोजायची डीपीडीची गोळी टाकायची, गुलाबी रंग बघायचा, रजिस्टरात ०.५ लिहायचं. रंग झकास यायचा, व्हॅक्यूम जागचा हलायचा नाही. ऑपरेटर भाऊ म्हणाले, ‘मॅडम, वास तर येऊन राह्यला, पण शेवाळ काही हटत नाही.’

उत्तर त्याच रजिस्टरात, शेजारच्या रकान्यात होतं. पीएच ८.५! क्लोरीनपासून पाण्यात हायपोक्लोरस आम्ल बनतं, जंतू मारायचं खरं काम त्याचं. पीएच ७.५ च्या आसपास ते निम्मं उरतं, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. बाकीचं हायपोक्लोराइट होतं आणि ते फारच मवाळ. डीपीडीला दोघं सारखेच, दोघांनाही गुलाबी. महिनाभर मी त्या रंगावर खूश होते.

पीएच खाली आणणाऱ्या आम्लाचा डोसिंग पंप दुरुस्तीला गेलेला. मग क्लोरीनसोबत सोडियम ब्रोमाइड द्यायचं ठरलं, कारण त्यातून बनणारं हायपोब्रोमस आम्ल ८.५ लाही निम्म्याहून जास्त टिकतं. आधी थर सुटावा म्हणून बायोडिस्पर्संट सोडलं. तासाभरात टॉवरखालच्या बेसिनमध्ये ढीगभर फेस! अँटिफोमचा कॅन स्टोअरमध्ये आणि स्टोअरची किल्ली ज्याच्याकडे तो लग्नाला.

त्यात दुपारी क्लोरीनचं रीडिंग शून्य. पाणी गढूळ. साहेबांचा आवाज चढला. सुटलेला गाळच क्लोरीन खातोय, हे त्यांना पटवायला पूर्ण चहा लागला. एका अर्थी ते बरंच झालं. ब्लोडाऊनच्या, म्हणजे टॉवरमधून बाहेर सोडायच्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, म्हणून एरवी डोस चालू असताना आम्ही ब्लोडाऊन बंद ठेवायचो. त्या दिवशी बिनधास्त उघडलं आणि घाण बाहेर काढली.

तिसऱ्या दिवशी रीडिंग टिकायला लागलं, व्हॅक्यूम हळूहळू वर सरकला. भाऊंनी बेसिनच्या भिंतीवर अंगठा घासून पाहिला.

‘मॅडम, खरखरीत लागून राह्यलं.’