२२ कागद, एकच म्हैस

चित्रकलेच्या फाउंडेशन कोर्सच्या मुलांना रोज २५ स्केचेस आणायला सांगितली की पहिल्याच आठवड्यात कळतं, कोण बाहेर बसून काढतंय आणि कोण रात्री गादीवर लोळत मोबाइल समोर धरून. मोबाइलवरनं उतरवलेली माणसं लगेच ओळखू येतात. ती सगळी नीट उभी असतात, सगळ्यांचे पाय दिसतात आणि कुणाच्याही हातात पिशवी नसते. स्टँडवर बसून काढलेल्या माणसाला बहुतेक वेळा पाय नसतात, कारण पायापर्यंत पोचायच्या आत त्याची एस.टी. लागलेली असते. मला ही बिनपायाची माणसं जास्त आवडतात. पण हे वर्गात बोलायची सोय नाही. एकदा बोललो, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मुद्दाम पाय गाळून आणले.

गेल्या सप्टेंबरात प्राण्यांची स्केचेस सुरू करायची होती. आमच्याकडची बरीचशी मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देऊन आलेली असतात. स्मरणचित्रात झाड, विहीर, कावड घेतलेली बाई हे सगळं त्यांच्या हातात पाठ असतं. प्राणी म्हटला की मात्र गाडी अडते. म्हणून आधी दोन दिवस फळ्यावर बांधणी शिकवली. छातीचं एक पिंप, त्याच्यामागे पोटाचं मोठं पिंप, ढुंगणाशी खोकं, मान म्हणजे निमुळता नळा, डोकं म्हणजे पाचर. पायांना नळकांडी. वर दोन शिंगं.

दुसऱ्या दिवशी मागचा पाय घेतला. जनावराच्या मागच्या पायात जो सांधा मागं वळलेला दिसतो तो गुडघा नव्हे, ती त्याची टाच. गुडघा वर, पोटाच्या कातडीला लागून. जनावर आयुष्यभर चवड्यावर चालतं, तेही नखांवर. हे सांगितल्यावर अर्धा वर्ग उठून चवड्यांवर चालायला लागला. एक जण बाकाला धडकला. शिकवणं छान झालं की मला स्वतःचंच जरा कौतुक वाटतं, तसं त्या दिवशी वाटलं. फळ्यावरची म्हैस मी पुसू दिली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला सगळे गंगावेशीत दूध कट्ट्यावर. कोल्हापूरच्या वाचकाला कट्टा सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की इथं म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, गिऱ्हाईक समोर उभं राहतं, धार तिथंच निघते आणि फेसाचा ग्लास हातात येतो. तालमीतल्या पोरांना धारोष्ण दूध मिळावं म्हणून शाहू महाराजांच्या काळात ही रीत पडली, असं जुनी माणसं सांगतात. मी कित्येक वर्षं तिथं दूध पितोय.

पाऊस नुकताच उघडला होता. मुलांकडे बोर्ड, कार्ट्रिजचे पाव कागद, क्लिपा, टूबी आणि फोरबीच्या पेन्सिली. खोडरबर मात्र मी निघायच्या आधी बिस्किटाच्या डब्यात गोळा केले होते. खोडरबर हातात असला की पोरं पहिल्या पाच मिनिटांत तीन वेळा तोंड काढतात आणि तिन्ही वेळा पुसतात. चुकीची रेष तशीच राहू दे, तिच्या शेजारी बरोबर रेष काढ, दोन्ही दिसू देत, हा माझा नियम.

२३ मुलं कडेकडेनं बसली. लोक वाकून बघायला लागले. “माझं काढतोस काय रं?” असं एक-दोघांनी विचारलं. आमच्या पुढ्यातल्या म्हशींचा मालक, साठीच्या आसपासचे मामा, सुरुवातीला लक्षच देत नव्हते. चरवी, गिऱ्हाईक, सुटे पैसे, त्यांचं काम चालू होतं. अर्ध्या तासानं गर्दी पांगली तसे ते हात पुसत आले आणि पहिल्या पोराच्या मागं उभे राहिले. मग दुसऱ्याच्या. मग तिसरीच्या. सात-आठ बोर्ड बघून झाल्यावर माझ्याकडे वळले.

“सर, एक इचारू? ही समद्यांनी एकच म्हैस कशी काय काढली?”

मी म्हटलं, “मामा, समोर बसलेत तर तीच काढणार.”

“न्हाई न्हाई. आमच्या हितं पाच म्हशी हाईत. ही त्यातली एक बी न्हवं. ही मुऱ्हा हाय. हरियाणाची. शिंगं बगा की ओ.”

मी बघितलं. आधी बोर्डांवर, मग समोर.

बोर्डांवर सगळीकडे जिलबीसारखी गोल वळलेली, कानापाशी आवळून बसलेली शिंगं होती. समोर उभ्या होत्या पंढरपुरी म्हशी. त्यांची शिंगं कपाळावरून निघून सरळ मागं जातात, मानेवरून खांद्याच्याही पलीकडं. जाता जाता जराशी पिळतात आणि टोकं बाहेर फिरतात. पेन्सिल हात ताणून धरली, अंगठ्यानं म्हशीच्या तोंडाची लांबी घेतली आणि शिंगावर ठेवली. शिंग तोंडापेक्षा लांब भरलं. डावं उजव्यापेक्षा चार बोटं खाली उतरलेलं होतं. तोंडही पाचरीसारखं आखूड नव्हतंच. लांब, अरुंद, नाकाचं हाड वर उठलेलं. हे सगळं चार हातांवर अर्धा तास उभं होतं आणि मुलांनी माझ्या फळ्यावरची म्हैस काढली होती.

फळ्यावर ती मुऱ्हा कुठून आली, याचा शोध मी रात्री घेतला. माझ्या विद्यार्थिदशेतल्या एका प्राणिचित्रणाच्या तक्त्यावर तशी म्हैस होती. तिची शिंगं काढायला सोपी, दोन वळसे दिले की झालं. तेव्हापासून माझा हात तेच दोन वळसे देतोय. पहिल्या तासाला मी दरवर्षी मुलांना कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान सांगतो. १९३१ साली ते गेले, पण त्याआधी हाच रंकाळा, हीच पंचगंगा परत परत रंगवत राहिले, प्रत्येक वेळी नव्यानं बघून. हे सांगणारा माणूस रोज ज्या शिंगांशेजारी दूध प्यायचा, ती त्यानं पाहिलेली नव्हती.

मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. एका पोराची पेन्सिल मागून घेतली, पण कागदाला लावली नाही. म्हशीच्या अंगावरच टेकवून दाखवायला लागले.

“ही मागली हाडं कुठं गेली तुमची? म्हशीला पोतं करून ठेवलंय. ह्यो खुबा, ह्यो शेपटाकडचा. म्हैस घेताना मानूस आदी हितं बगतोय, तोंड नंतर. आन ही शीर बगा.” ते खाली वाकले. पोटाखालून कासेकडे गेलेली नागमोडी जाड शीर, करंगळीएवढी. “ही दुधाची शीर. अशी वाकडीतिकडी असली की समजायचं, म्हैस दूध देनार. तुमच्या चित्रातली म्हैस भाकड हाय.”

सगळी हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार.

एका मुलानं विचारलं, “मामा, हलत्यात ओ त्या सारख्या. कसं काढायचं?”

“धार काढताना काढा. पान्हा सोडला की हलत न्हाई. पाच मिंटं दगडावानी हुबी ऱ्हाती.”

मी पोरांना ३० सेकंदांचे, एक मिनिटाचे जेस्चर, म्हणजे नुसती हालचाल पकडणारी झटपट स्केचेस, करायला लावत होतो, हलणाऱ्या जनावराला दुसरा उपाय नाही म्हणून. पाच मिनिटं न हलणारं मॉडेल तिथं दर संध्याकाळी उभं असतं हे मला गवळ्याकडून कळलं. पुढची धार सुरू झाली तसं मी सगळ्यांना नवा कागद घ्यायला लावला. या वेळी अट घातली, की पाच मिनिटांतली पहिली दोन मिनिटं पेन्सिल खाली, नुसतं बघायचं. पिंप नको, खोकं नको. कान आणि शिंग यांच्या मधे जी रिकामी जागा दिसते तिचा आकार आधी काढा, मग शिंग. शिंगाचं नाव माहीत असतं म्हणून हात थापा मारतो. मधल्या पोकळीला नावच नसतं, तिथं बघावंच लागतं. दुसऱ्या खेपेच्या कागदांवर म्हशी वेड्यावाकड्या होत्या, दोन-तीन तर शेळीसारख्या, पण जिलब्या गेल्या होत्या.

आता त्या २३व्या कागदाचं सांगायला हवं. कागलकडून एस.टी.नं येणारी एक मुलगी, घरी आजारपण होतं म्हणून फळ्यावरच्या दोन्ही दिवशी गैरहजर होती. पिंप-खोकं तिला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांच्या शेवटी, नळापाशी बसली होती. मामा तिच्या बोर्डाशी गेले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. कागदावर फक्त डोकं आणि मान होती. डावं शिंग खाली उतरलेलं, त्याच्या टोकाला चिरलेली कड, उजव्या कानाचा तुकडा गेलेला, कपाळावर पांढरा ठिपका. पेन्सिल इतकी दाबलेली, की कागद मागून उठला होता.

“ही चंद्री,” मामा म्हणाले. पलीकडच्या पोराला हाक मारली, “आरं ये, चंद्री बग.”

त्या पोरानंही लांबूनच ओळखली.

बांधणी शिकवली नसती तर सगळ्यांनीच अशी काढली असती का? मला तसं वाटत नाही. त्या मुलीचा कागद मानेपाशी संपला होता, कारण पुढं धड कसं बसवायचं हे तिला येत नव्हतं. तिनं तीनदा खांद्याची रेष सुरू करून सोडली होती, त्या तिन्ही रेषा कागदावर तशाच होत्या, माझ्या नियमाप्रमाणे. पुढच्या आठवड्यात तिला पिंप, खोकं, टाच, गुडघा सगळं परत शिकवलं. बाकीच्या वर्गाला मात्र आता आधी बघायला नेतो आणि फळा मागाहून. फळ्यावरची म्हैस दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पुसली.

नंतर याच कट्ट्यावर इलस्ट्रेशनचा एक असाइनमेंट दिला, अर्ध्या पानाच्या गोष्टीला चित्र. त्यात काय गाळायचं हेच शिकायचं असतं. एका पठ्ठ्यानं सगळी म्हैस गाळली. शेपटीचा गोंडा आणि त्याच्यापलीकडे धरलेले पाच ग्लास, बस. चांगलं होतं.

त्या संध्याकाळी निघताना मामांनी चंद्रीचा कागद मागितला, गोठ्यात लावायला. मुलगी म्हणाली, “सबमिशन झाल्यावर देते.” मामांना सबमिशन कळलं नाही. मार्क पडायचे आहेत म्हटल्यावर मान हलवली. मूल्यांकनात पूर्णाकृतीला मार्क असतात, नुसत्या डोक्याला नाहीत. मी नियमाप्रमाणे कोपऱ्यात लाल पेननं ‘अपूर्ण’ लिहून सही-तारीख घातली. तपासायला चारशे स्केचेस होती, हात चालू होता.

दिवाळी पाडव्याला म्हशींना सजवून बाहेर काढतात, तेव्हा तिनं तो कागद नेऊन दिला. मी मामांच्या गोठ्यात गेलो ते डिसेंबरात. दारातच, दूध मापायच्या टेबलावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवलेली चंद्री. पिशवीवर शेणाचे दोन शिंतोडे. मामांनी लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

“सर, हे काय लिवलंय हितं? सही तुमची हाय न्हवं?”

“हो,” मी म्हटलं, “सही माझीच आहे.”